आई आजारी असताना आपण हसायचं की नाही?

गोदाकाठ
नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

आईला (वय ६३) मागच्या वर्षी डाव्या बाजूला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग चार लाल केमो झाल्या (ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल, पहिल्या वेळी लघवी लाल झाली तेव्हा रक्तच समजून आम्ही डॉक्टरांना फोन लावला होता), आता दर गुरुवारी पॅक्लि (पॅक्लिटॅक्सेल, केमोचंच दुसरं औषध) असते, बारापैकी पाच झाल्या. केस गेले, बोटांना मुंग्या असतात त्यामुळे ब्लाऊजची हुकं मी लावून देते, बाकी आई बरी आहे. नोकरी, घर, आई असं गेले सात महिने चाललंय आणि जमतंय, तक्रार नाही.

तर झालं असं की परवाच्या रविवारी मावसबहिणीचा साखरपुडा होता. भाऊ आईजवळ थांबला आणि मी गेले. तिथे सगळ्या बहिणी जमल्या, गाणी लागली, मला ओढलं आणि मी नाचले, चांगली अर्धा तास नाचले. किती महिन्यांनी पोट दुखेपर्यंत हसले. आणि जेवायच्या पंगतीत आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "घरात एवढं मोठं दुखणं आणि हिला नाचायला सुचतं." घास घशातच अडकला. तेव्हापासून झोप नाही. आईच्या समोर गेलं की काहीतरी चोरून आणल्यासारखं वाटतं.

तुमच्यापैकी ज्यांनी घरातलं मोठं आजारपण काढलंय त्यांना विचारायचंय, त्या काळात तुम्ही हसायचात का? कसं? की माझंच काही चुकतंय?

सुपारी
काहीही चुकत नाहीये. आत्याने एक गुरुवार तरी केमोला सोबत केली का, ते आधी विचार.

गोदाकाठ
सुपारी, नाही केली. पण तिचा जीव आहे आईवर, लहानपणापासूनच्या मैत्रिणी त्या दोघी, म्हणून तर जास्त लागलं.

पाटावरवंटा
गोदाकाठ, आधी एक घट्ट मिठी.

माझ्या मिस्टरांचं डायलिसिस चालू आहे, सहावं वर्ष. मंगळवार-गुरुवार-शनिवार, चार चार तास मशीनवर. ह्यांना दिवसाला पाणी मोजून, चहा-आमटी-ताक सगळं धरून एक लिटर. बटाटा सोलून चिरून भरपूर पाण्यात भिजवायचा, मग उकळून ते पाणी ओतून द्यायचं, तेव्हा कुठे भाजी. शहाळं बंद, केळं बंद. पहिलं वर्ष मी ह्यांच्यासमोर पाणीसुद्धा प्यायचे नाही, मोरीत जाऊन प्यायचे, खरंच सांगते. एक दिवस ह्यांनी बघितलं आणि इतके चिडले! म्हणाले तू तहानलेली राहिलीस म्हणून माझी किडनी चालू होणार आहे का?

तर हसायचं म्हणशील तर आम्ही चौघी बायका आहोत, चौघींचे नवरे एकाच शिफ्टला. ते आत मशीनवर आणि आम्ही बाहेरच्या बाकड्यावर मेंढीकोट खेळतो. मध्ये पिशवी ठेवायची, तिच्यावर पत्ते. एकीने दहिल्या दाबून ठेवल्या की अशी भांडणं होतात की सिस्टर बाहेर येऊन गप्प करतात. सुरुवातीला येणारे-जाणारे बघायचे, आता कोणी बघत नाही.

मागच्या वर्षी आमच्यातल्या एकीचे मिस्टर गेले. आम्ही तिघी राहिलो, पत्ते पिशवीतून काढलेच नाहीत. तेराव्यानंतर एका मंगळवारी बघते तर ती समोरून येतेय, डबा घेऊन. म्हणाली घरी हे चार तास जात नाहीत ग, वाटा पत्ते. आम्ही रडलो पण आणि खेळलो पण. अजून येते ती. तिच्या आत्याने काय म्हटलं असेल ते तिलाच माहीत.

मुक्कामपोस्ट
थोडं वेगळं लिहितो, कोणाला दुखवायचं नाही.

हे 'आजारपणातही आनंद शोधा' प्रकरण मला झेपत नाही. बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, कळल्यापासून पाच महिने मिळाले. मी एकुलता एक, आई आधीच गेलेली. त्या पाच महिन्यांत मला रोज सकाळी दहा जणांचे मेसेज यायचे, सूर्योदयाचे फोटो, पॉझिटिव्ह राहा, हसत राहा, प्रत्येक क्षण जगा. अरे मला क्षण जगायचा नव्हता, मला झोपायचं होतं. सलग चार तास. रात्री दोनला उलटी, तीनला दुखणं, पाचला चादर बदलायची आणि नऊला ऑफिसचा कॉल. मेसेज पाठवणाऱ्या दहापैकी एकाने जरी म्हटलं असतं की शनिवारी रात्री मी झोपतो काकांजवळ, तर मी त्याचे पाय धरले असते.

गोदाकाठ, तुम्ही नाचलात ते उत्तम केलंत. पण ज्याला हसू येत नाही त्याला 'हसत राहा' सांगणं हेही आत्याच्या बोलण्याइतकंच टोचतं, एवढंच म्हणायचंय.

सुपारी
मुक्कामपोस्ट, +१००. रात्र वाटून घेणारा माणूस हवा.

चांदणवेल
रात्रीवरून सांगते. मी न्यू जर्सीत, आई-बाबा आणि बहीण साताऱ्याला. बाबांना दोन वर्षांपूर्वी मोठा स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मला महिनाभराच्या वर राहता येईना, इथे मुलं लहान. परत आल्यावर खूप अपराधी वाटायचं, बहीण तिकडे झिजतेय आणि मी इथे फोनवर नुसतं "जेवलीस का" विचारतेय.

मग बहिणीनेच युक्ती काढली. भारतात रात्रीचा एक म्हणजे माझी दुपार. बाबांच्या पलंगासमोर एक जुना फोन लावून ठेवला आणि रात्री बारा ते पाच मी 'ड्युटी'वर. मी माझं काम करते, बाजूला स्क्रीनवर बाबा झोपलेले. ते हलले, उठायला लागले की मी बहिणीच्या फोनवर रिंग देते. नाहीतर ती झोपते, बिनघोर. सलग पाच तास. कधी बाबा जागे असले की मी त्यांना भाजी चिरताना दाखवते. ते बोलू शकत नाहीत पण मी गवार मोडायच्या ऐवजी सुरीने कापली की डाव्या हाताने नाही नाही करतात. त्यावरून आम्ही दोघं हसतो. हे माझं आणि बाबांचं असं आहे, आधी इतकं कधी नव्हतं खरं तर.

सगळ्या घरांना जमेल असं नाही, पण परदेशातल्या भावंडांना काहीतरी ठरावीक काम द्या. 'काही लागलं तर सांग' ह्या वाक्याने कोणाचंच काम होत नाही.

मुक्कामपोस्ट
चांदणवेल, हे भारी आहे. खरंच.

वऱ्हाडी_वाट
राम राम मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. माह्या पोरीले पाचव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर निघाला. आमच्याकडच्या डॉक्टरांनी सांगितलं टाटाले न्या. मी मुंबई आयुष्यात पाह्यली नव्हती. बडनेऱ्याहून गाडीत बसलो, मांडीवर तापानं फणफणलेली पोरगी. (कोणाले माहीत नसंल तर सांगतो, कॅन्सरच्या पेशंटले रेल्वेत स्लीपर आन थर्ड एसीचं तिकीट फुकट असते, सोबतच्या एका माणसाले पाऊण सूट. दवाखान्याचा फॉर्म लागते. आम्हाले पहिल्या खेपेला हे कोणी सांगितलंच नाही.)

परळले तो दवाखाना १९४१ पासून उभा आहे. बाहेर फुटपाथवर सारा देश झोपलेला दिसते, बंगाल, बिहार, आसाम, कुठून कुठून. आम्हाले दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत जागा भेटली. बाबांचं नाव लहानपणापासून आयकलं होतं, पण त्यांच्या नावाच्या सावलीत मुक्काम पडंल असं वाटलं नव्हतं.

आता आनंदाचं. त्या वर्षी पोळा आला. आमच्याकडं दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असते, लेकरं लाकडाचा बैल सजवून घरोघर नेतात. पोरगी सकाळपासून रडे, माहा नंदी घरी राह्यला म्हणे. केस गेलेले, तोंडात फोड, रडता बी धड येईना. मग मी आन तिच्या मायनं औषधाच्या खोक्याचा बैल केला. सलाईनच्या नळीचं वेसण, कापसाचं वशिंड, शिंगाले तिच्या मायची लाल टिकली. तो बैल घेऊन ती तोंडाले मास्क लावून दारादारात उभी राह्यली. कोणाले काय माहीत तान्हा पोळा! पण एक बंगाली आजी होती, तिचा नातू बी तिथंच उपचाराले. तिनं न इचारता दोन तांदूळ बैलाच्या कपाळाले लावले आन पोरीच्या हातावर बिस्कीट ठेवलं. मग सगळ्या खोल्यांतून देत गेले. पोरगी खोकं भरून खाऊ घेऊन आली, तिले तर खाता येत नव्हतं, तिनं बाकीच्या लेकरांले वाटला.

अडीच वर्षं चालला उपचार, मधले कितीतरी महिने गोळ्या घरीच. आता नववीत आहे. तो बैल अजून देव्हाऱ्यात आहे आमच्या.

तुमच्या आत्यांले म्हणा, आम्ही तिथं नाचलो बी असतो.

पाटावरवंटा
वऱ्हाडी दादा, डोळ्यात पाणी आणलंत. पोरीला आशीर्वाद.

खडूफळा
वाह. सलाईनच्या नळीचं वेसण डोळ्यासमोरून जात नाहीये.

आमच्याकडे पार्किन्सन्स. बाबा पीटीचे मास्तर होते, पुण्याजवळच्या शाळेत तीस वर्षं. ज्या माणसाने शेकडो पोरांना कवायत शिकवली त्याचे पाय आता दाराच्या चौकटीत चिकटतात. अक्षरशः चिकटतात, मेंदू म्हणतो चल आणि पाय हलत नाही, मागून आपण "चला ना बाबा" म्हटलं की अजूनच घट्ट. फिजिओथेरपिस्टने जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावायला सांगितल्या, एकेका पावलाच्या अंतराने, रेषा ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो. त्याने फरक पडला. आणि तालाचा उपयोग होतो म्हणाले, एक-दो एक-दो म्हणत चाला.

माझ्या दहा वर्षांच्या मुलाने काय करावं, माळ्यावरची आजोबांची लेझीम काढली. गंजलेली, दोन चकत्या तुटलेल्या. आणि बाबा बाथरूमच्या दारात अडकले होते तिथे समोर उभा राहून वाजवायला लागला. बाबांनी मान वर केली, "हात चुकतोय तुझा," म्हणाले, आणि त्याला दाखवायला म्हणून पुढे आले! चौकट कधी ओलांडली त्यांनाच कळलं नाही.

आता आमच्या घरात सकाळी बाथरूमला जाताना लेझीम वाजते. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी जाऊन सांगून आलो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथली मंडळी भेटली की फार हलकं वाटतं, तिथे कोणाच्या हाताचा कप हिंदकळला तर कोणी बघत बसत नाही. घरी असं कोणी असेल तर नक्की गाठा.

रानभूल
अवांतर: गोदाकाठ, आईंना गव्हांकुराचा रस चालू करा, रोज सकाळी ताजा. आमच्या शेजारच्यांना खूप फरक पडला. आणि तोंड आलं असेल तर घरचं ताक.

पांढरा_चाफा
रानभूल, हेतू चांगला आहे तुमचा पण कृपया थांबा. मी नर्स आहे, अठरा वर्षं, त्यातली बरीच केमो वॉर्डात. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा कच्चा रस, न शिजवलेलं काही, उघड्यावरचं दही-ताक ह्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि साधा ताप म्हणजे थेट अ‍ॅडमिट. काय चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच. तोंडासाठी मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, दिवसातून चार-पाचदा, आणि मऊ भात, नाचणीची पेज, कोमट करून.

रानभूल
हे माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. ज्यांना मी सांगितलं होतं त्यांनाही आत्ता फोन करते.

पांढरा_चाफा
तुमच्यासारखं लगेच फोन करणारं कमी भेटतं, थँक्यू.

आता गोदाकाठसाठी. मी सध्या पॅलिएटिव्ह केअरमध्ये आहे. हे नाव ऐकलं की लोकांना वाटतं संपलं सगळं. तसं नाही, दुखणं, मळमळ, भीती, घरच्यांची दमणूक हे सगळं सांभाळणं म्हणजे पॅलिएटिव्ह, आणि ते उपचार चालू असतानाही घेता येतं. पुण्यात वारजेला सिप्लाचं सेंटर १९९७ पासून हेच करतंय, पेशंटबरोबर घरच्यांनाही राहायला देतात, पैसे घेत नाहीत. मुक्कामपोस्ट, तुमच्या बाबांच्या वेळी हे कोणी सांगितलं असतं तर तुमच्या रात्री थोड्या सोप्या झाल्या असत्या, ह्याचं मला आमच्या पेशातली म्हणून वाईट वाटतं.

वॉर्डात मी एक बघितलंय. ज्या खोलीत नातेवाईक एकमेकांशी नेहमीसारखे बोलतात, मॅचचा स्कोर विचारतात, सुनेला भाजीत मीठ जास्त झालं म्हणून सांगतात, त्या खोलीतला पेशंट आम्हाला दुखतंय कुठे ते नीट सांगतो. जिथे सगळे देवळात उभं राहिल्यासारखे गप्प, तिथला पेशंट "बरं आहे" एवढंच म्हणतो, कारण आपल्यामुळे हे सगळे असे झालेत असं त्याला वाटत असतं.

आणि एक महत्त्वाचं, आईला झालंय तर तुझी स्वतःची तपासणी झाली का? तुझ्या वयाला काय लागेल ते आईच्याच डॉक्टरांना विचार. ह्या गुरुवारी विचार, पुढे ढकलू नकोस.

नवी_वेणी
गोदाकाठ, मी तुझ्या आईच्या बाजूने लिहिते. चार वर्षांपूर्वी मला हाच आजार होता, हीच औषधं. आता वेणी येते पुन्हा, म्हणून हे नाव घेतलंय.

केमोपेक्षा मला घरातली शांतता सोसवायची नाही. आमचं घर म्हणजे आधी नुसता गोंगाट. टीव्ही, मिक्सर, मुलांची मारामारी. मी आजारी पडले आणि सगळे चवड्यांवर चालायला लागले. आतल्या खोलीत पडल्या पडल्या मी कान लावून असायचे, बाहेर कोणी हसलं आणि मी कण्हले की एकदम चूप. एकदा लेक फोनवर खळखळून हसत होती, मी नुसती कूस वळवली तर तिने फोनच ठेवून दिला. मला ओरडून सांगावंसं वाटलं अगं हस ना, तेवढाच एक आवाज ह्या घरात माझ्या ओळखीचा आहे.

एक विचारते, राग मानू नकोस. साखरपुड्याला आईंना का नाही नेलं? विचारलं होतं का त्यांना?

गोदाकाठ
नवी_वेणी, खरं सांगते, नाही विचारलं. गर्दी, इन्फेक्शन, दमणूक, आम्ही भावंडांनीच ठरवून टाकलं.

गोदाकाठ
काल दिवसभर तो प्रश्न डोक्यात होता. रात्री आईच्या पायाला तेल लावताना मी तिला सगळं सांगितलं, नाचले ते, आत्या बोलली ते, मला झोप नाही ते. मला वाटलं ती म्हणेल जाऊ दे ग, लक्ष देऊ नकोस.

तर आई चिडली. आत्यावर नाही, माझ्यावर. आणि नाचले म्हणून नाही. म्हणाली, "माझ्या सख्ख्या बहिणीच्या लेकीचा साखरपुडा, आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही. मी काय गेले का?" मी म्हटलं अगं इन्फेक्शन. तर म्हणाली डॉक्टरांना विचारलं होतंस? ते मला विचारा ना म्हणाले असते. ह्या आठवड्याचे रक्तपेशींचे काउंट चांगले होते, मला रिपोर्ट वाचता येतो. आणि मग रडली. ऑपरेशनला रडली नव्हती, केस गेले तेव्हा स्वतः टॉवेल धरून बसली होती, आणि काल साखरपुड्यासाठी रडली.

मग मला म्हणाली कोणत्या गाण्यावर नाचलीस ते दाखव. व्हिडिओ दोनदा बघितला. "पदर खोचायला नको का आधी, पायात येत होता."

मी इथे विचारत होते मी हसायचं की नाही. आणि तिचं हसणं आम्हीच काढून घेतलं होतं.

मुक्कामपोस्ट
गोदाकाठ, तुमची पोस्ट वाचून बराच वेळ बसून होतो.

मी वर लिहिलं की आनंद वगैरे काही नव्हता. एक होतं. रविवारी मी बाबांची दाढी करायचो. त्यांचा जुना ब्रश, गोल डबीतला साबण, रेझर माझा. ते बोलायचे कमी शेवटी शेवटी, पण गालापाशी रेझर आला की बरोबर गाल फुगवून द्यायचे, मी लहान असताना त्यांना आरशात बघायचो अगदी तसा. आणि झालं की स्वतःच्या हाताने गालावरून उलटा हात फिरवून तपासायचे, कुठे खुंट राहिला असला की बोट तिथेच ठेवून माझ्याकडे बघायचे. परत साबण. असे वीसेक रविवार मिळाले असतील. त्या अर्ध्या तासात मी दमलेला नसायचो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पाटावरवंटा
सांगितलंत ते फार चांगलं केलंत.

वऱ्हाडी_वाट
भाऊ, तुमच्या बाबांले माहीत होतं सगळं.

गोदाकाठ
मुक्कामपोस्ट, थँक्यू. आणि पांढरा_चाफा, तपासणीची वेळ घेतली, सोमवारची.

आता मंडळी, मदत करा. लग्न तीन आठवड्यांनी रविवारी आहे, तोवर आठ पॅक्लि झालेल्या असतील. डॉक्टर म्हणाले काउंट ठीक असले तर खुशाल न्या. आईने जाहीर केलंय की ती येणार आणि मेहंदीही काढणार. मेहंदी चालते का?

पांढरा_चाफा
अरे वा!! तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, पण साधारण असं: साधी घरी भिजवलेली मेहंदी, बाजारातले काळे कोन अजिबात नकोत, त्यातल्या रसायनांनी कातडी पोळते. डाव्या बाजूचं ऑपरेशन आहे ना, म्हणजे डाव्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, तर मेहंदी डाव्या तळहातावर काढा, उजवा सलाईनसाठी मोकळा. बोटांची टोकं आणि नखं कोरी ठेवा, ऑक्सिजन बघायचा चिमटा बोटालाच लागतो. आणि त्या हाताला कुठे चिरलेलं-खरचटलेलं नाही ना बघा.

हॉलमध्ये पंख्याखाली नाही, दाराजवळ, हवेशीर जागी खुर्ची. मास्क. जेवण गरम आणि पहिल्या पंगतीत, कोशिंबीर नको. दोन तासांनी घरी.

नवी_वेणी
आणि डोक्याला मऊ सुती स्कार्फ बांध, त्याच्यावरून पदर. विग असेल तर लग्नाच्या गर्दीत फार उकडतो. अबोली मिळाली तर स्कार्फला पिनेने लावता येते, मी लावली होती.

सुपारी
आत्यांना आईंच्या शेजारची खुर्ची द्या. दोन तास त्यांची ड्युटी.

गोदाकाठ
सुपारी, आत्याला आईनेच फोन केला. काय बोलल्या माहीत नाही, दार लावून घेतलं होतं, पाऊण तास. नंतर आत्याचा मला फोन, म्हणाली गुरुवारी किती वाजता निघता, मी येते.

गोदाकाठ
धागा वर काढतेय. लग्न झालं. आई दोन नाही, साडेतीन तास थांबली, उठायलाच तयार नव्हती. ताप नाही, काही नाही.

आज नववी पॅक्लि. आत्या सोबत होती. सिस्टरने सुई लावायला उजवा हात घेतला तर आईने डावा पण पुढे केला, मेहंदी दाखवायला. रंग फिका पडलाय आता, पण मधला मोर अजून दिसतो. सिस्टर म्हणाली काकू, बोटं का कोरी ठेवली? आईने सांगितलं, "तुमच्या चिमट्यासाठी."